ग्रीक शोकांतिकेतील देव आणि माणसे



आपल्या घरांतून देव्हारे गेले, नवस गेले, अंगात येणे गेले. तरीही घरातले एखादे तरुण माणूस अचानक दगावले की रडता रडता कुणीतरी बोलून जातेच, "नशिबातच होते, काय करणार!" देव गेला तरी त्याची मोकळी झालेली जागा नशीब धरून बसते. हे कुणी केले? देवाने, दैवाने की माणसाने? हा प्रश्न काही आपल्याच लोकांना पडलेला नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स या नगरात हाच प्रश्न हजारो माणसांसमोर, उघड्या मैदानात, नाटकाच्या रूपाने मांडला जात होता. त्या नाटकांना शोकांतिका म्हणतात. त्यांतील माणसांचे देवांशी नाते कसे होते ते आज आपण पाहू.

ग्रीक लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा मिलिंद ग्रीक होता. त्याचे ग्रीक नाव मिनँडर. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय त्याच्याच नावाने आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर काही खांबांवर धेनुकाकट येथील 'यवनांनी' दिलेल्या दानाचे लेख आढळतात, आणि यवन हा शब्द आपल्याकडे मुळात ग्रीकांसाठी आला. मात्र आज ज्यांच्याविषयी बोलायचे ते मिलिंदाच्या आधीचे, सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे ग्रीक. तथागतांच्या महापरिनिर्वाणाचे वर्ष इ. स. पूर्व ४८३ असे धरले जाते. त्याच्या सातच वर्षे आधी, ४९० मध्ये, इस्किलस नावाचा अथेन्सचा कवी इराणी सैन्याविरुद्ध मॅरेथॉनच्या रणांगणावर लढत होता. शोकांतिका लिहिणाऱ्या तीन थोर कवींपैकी तो पहिला. दुसरा सोफोक्लिस आणि तिसरा युरिपिडिस. तिघांनी मिळून शेकड्यांनी नाटके लिहिली; त्यांतली जेमतेम तीस-बत्तीस आज पूर्ण स्वरूपात हाती आहेत.

ही नाटके रोज रात्री तिकीट लावून होत नसत. वसंत ऋतूत डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव असे. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर लोक बसत, पुढच्या रांगेत त्या देवाच्या पुजाऱ्याला मानाची जागा असे, आणि तीन कवींची स्पर्धा लागे. नट सगळे पुरुष, तोंडावर मुखवटे. बायकांची कामेही पुरुषच करीत. नाचत-गात कथेवर बोलणारा बारा-पंधरा जणांचा वृंद असे. म्हणजे प्रसंग धार्मिक, आणि त्याच प्रसंगी रंगभूमीवरची माणसे देवांना जाब विचारीत! आपल्याकडच्या जत्रेत पालखीपुढे उभे राहून कुणी देवालाच "तू अन्यायी आहेस" म्हणाले तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

असे बोलता येत होते, कारण ग्रीकांकडे वेदांसारखा प्रमाण मानलेला ग्रंथ नव्हता. देवांच्या गोष्टी कवींनीच सांगितलेल्या होत्या, म्हणून पुढच्या कवीला त्या बदलून सांगता येत. काही घराण्यांकडे पौरोहित्य वंशपरंपरेने असे, परंतु सर्व समाजाच्या डोक्यावर बसलेली पुरोहितांची जात नव्हती. याचा अर्थ अथेन्समध्ये सगळे आलबेल होते असा मात्र कुणी घेऊ नये. तेथे गुलाम होते, आणि स्त्रियांना लोकसभेत जागा नव्हती. ज्यांना माणूस म्हणून मोजलेच नाही त्यांची दुःखे हे लोक मुखवटे घालून रंगवीत, ही गोष्ट नाटके वाचताना मला नेहमी टोचते. तुम्हालाही ती टोचावी.

ग्रीक देवांविषयी आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. झ्यूस, अपोलो, आर्टेमिस, ॲफ्रोडाइटी ही मंडळी सामर्थ्यवान आणि अमर, पण त्यांनी माणसावर प्रेम करण्याचे वचन कधी दिलेले नव्हते. त्यांना हवा असतो मान. मान दिला, बळी दिला, तर ते प्रसन्न होण्याचा संभव. मान चुकला तर राग नक्की. त्यांच्यातही आपसांत वैरे आहेत. माणूस त्यांच्या भांडणात सापडला तर भरडला जातो.

*कौल आणि करणी*

आता माणसांकडे येऊ. इस्किलसने इ. स. पूर्व ४५८ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या नाटकांत राजा अगामेम्नॉनची कथा आहे. ट्रॉय नगरावर स्वारी करायला निघालेले त्याचे आरमार प्रतिकूल वाऱ्यामुळे अडकून पडते. ज्योतिषी सांगतो, आर्टेमिस देवी कोपली आहे. राजाने स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी द्यावा. राजा घुटमळतो. देवीचे ऐकले नाही तरी वाईट, ऐकले तरी वाईट. आणि शेवटी तो मुलीला वेदीवर चढवतो. तिने घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिच्या तोंडात बोळा कोंबतात. ही हकिकत सांगणारे म्हातारे त्या वेळी काय म्हणतात ते महत्त्वाचे आहे. देवीने राजाच्या मानेवर जू ठेवले असे ते म्हणत नाहीत. राजाने ते जू स्वतःच चढवून घेतले, असे म्हणतात. स्वारी सोडून परत फिरणे त्याला शक्य होते.

दहा वर्षांनी राजा परततो आणि त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा मुलीच्या बळीचा सूड म्हणून त्याला ठार करते. मग तीही तोच मार्ग धरते. हे मी केलेच नाही, या घराण्याला लागलेल्या जुन्या शापाच्या पिशाचाने माझे रूप घेऊन केले, असे म्हणू लागते. म्हातारे तिला विचारतात, तू निर्दोष आहेस अशी साक्ष कोण देईल? पिशाच फार तर तुझा साथीदार असेल. 'करणी' या शब्दाला इतके सरळ उत्तर मी दुसरीकडे क्वचितच वाचले आहे.

पण सगळ्यांत खोल गेला तो सोफोक्लिस. त्याचे इडिपस राजाचे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले आहे. मिळाले तर जरूर वाचा. कथा अशी. थीब्जच्या राजाला कौल मिळतो की तुझा मुलगा तुला मारील. मूल जन्मताच त्याच्या पायांचे घोटे टोचून, बांधून, त्याला डोंगरावर टाकण्यासाठी एका मेंढपाळाकडे देतात. मेंढपाळाला दया येते. मूल कॉरिंथच्या राजाच्या घरी वाढते. तरुण झाल्यावर, हा राजाचा खरा मुलगा नव्हे असे एक दारुडा बोलून जातो, म्हणून इडिपस डेल्फीला अपोलोकडे विचारायला जातो. "माझे आईबाप कोण?" याचे उत्तर देव देतच नाही. उलट सांगतो की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. घाबरून तो कॉरिंथला परत न जाण्याचे ठरवतो. वाटेत तिठ्यावर रस्ता देण्यावरून भांडण होऊन एका म्हाताऱ्याला मारतो. पुढे थीब्जचे संकट निवारून तेथला राजा होतो आणि विधवा राणी योकास्टाशी लग्न करतो. म्हातारा त्याचा बाप होता. राणी त्याची आई.

ही कथा ऐकून बहुतेक लोक म्हणतात, "पाहा, नशीब कुणाला चुकत नाही." नाटकाकडे नीट पाहिले तर एवढ्यावर थांबता येत नाही. नाटक सुरू होते तेव्हा वरचे सगळे होऊन वर्षे लोटलेली आहेत. नगरात रोगराई आहे. आधीच्या राजाचा खुनी शोधून हाकला, असा कौल आला आहे. पुढे आपल्या डोळ्यांसमोर जे घडते तो शोध आहे, आणि हा शोध शेवटपर्यंत नेशील असे कोणत्याही देवाने इडिपसला सांगितलेले नव्हते. उलट, ज्यांना सत्य ठाऊक आहे किंवा ज्यांना त्याची चाहूल लागली आहे ते सगळे त्याला थांबवू पाहतात. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस म्हणतो मला घरी जाऊ दे. राणी म्हणते कौल-बिल खोटे, माणसाने जमेल तसे जगावे. आणि सत्य तिला उमगते तेव्हा ती शोध सोडून देण्याची याचना करते. म्हातारा मेंढपाळ तोंड उघडायला तयार नसतो. इडिपसला दिसत असते की पुढच्या शब्दात आपला नाश आहे. तरी तो ऐकायचे ठरवतो.

सत्य कळल्यावर राणी गळफास घेते. तिच्या वस्त्रावरचे काटे काढून इडिपस स्वतःचे डोळे फोडतो. वृंद विचारतो, कोणत्या देवाने तुला हे करायला लावले? त्याच्या उत्तराचे दोन भाग आहेत. ही दुःखे अपोलोने घडवून आणली, हे तो नाकारत नाही. पण डोळ्यांवर पडलेला हात माझा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हे, असे तो सांगतो. जे आपल्यावर कोसळले आणि जे आपण केले, यांतला फरक तो इतक्या यातनेतही सोडत नाही.

सोफोक्लिसला हा माणूस म्हातारपणी पुन्हा आठवला. नव्वदीच्या घरात असताना त्याने भटक्या, आंधळ्या इडिपसवर दुसरे नाटक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०१ मध्ये, झाले. त्यात इडिपस म्हणतो की मी नकळत वागलो, अंगावर आलेल्याशी लढलो. ही कृत्ये मी केली त्यापेक्षा भोगली अधिक. अपराध हेतूवर ठरतो, हा विचार धम्मातील कर्माची चर्चा ऐकलेल्यांना ओळखीचा वाटेल.

याच्या अगदी उलट माणूस पाहायचा तर युरिपिडिसची हेलन पाहावी. नाटकाचे नाव 'ट्रॉयच्या स्त्रिया', वर्ष इ. स. पूर्व ४१५. त्याच्या आदल्या हिवाळ्यात अथेन्सने मिलॉस बेट जिंकून तेथील पुरुष कापून काढले होते आणि बायका-मुले गुलाम केली होती. आणि आता त्याच अथेन्समध्ये युद्धात गुलाम झालेल्या बायकांचे नाटक चालले होते. हेलन नवऱ्याला सोडून ट्रॉयच्या राजपुत्राबरोबर गेली, त्यावरून युद्ध पेटले. आता नवरा तिला मारायला निघाला आहे. ती म्हणते, माझा काय दोष? ॲफ्रोडाइटी देवीनेच मला ओढले. झ्यूसचेही तिच्यापुढे चालत नाही. सर्वस्व गमावलेली म्हातारी राणी हेक्युबा तिला उत्तर देते. माझा मुलगा देखणा होता, त्याला पाहून तुझेच मन तुझी देवी झाले, असे ती सांगते. माणसे आपल्या मूर्खपणाला देवीचे नाव देतात. वाद हेक्युबा जिंकते. पण हेलन पुढे नवऱ्याच्या घरी सुखाने नांदली, हे प्रेक्षकांना जुन्या काव्यांतून ठाऊक होते. कवीने तेही झाकून ठेवलेले नाही.

*देव संकटात धावतो काय?*

देवावर श्रद्धा ठेवून, देवासाठी म्हणून जे वागतात, त्यांचे तरी काय होते? अँटिगनी राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकते; देवांचे अलिखित कायदे राजाच्या हुकुमापेक्षा मोठे आहेत, असे राजाच्या तोंडावर सांगते. तिला जिवंत कोंडले जाते. कुणी देव येत नाही. देवांचा कौल तिच्या बाजूने आहे हे टायरेसियस राजाला येऊन सांगतो खरे, पण राजा तिला सोडवायला पोहोचतो तोवर तिने गळफास घेतलेला असतो.

अंगात येण्याविषयी युरिपिडिसने शेवटच्या काळात एक नाटक लिहिले. डायोनिसस देव थीब्जच्या बायकांना वेड लावून डोंगरावर नेतो. अगावी नावाची राजमाता त्या भरात स्वतःच्या मुलाला सिंहाचा छावा समजून फाडते आणि त्याचे शीर मिरवीत गावात येते. तिला शुद्धीवर कोण आणते? तिचा म्हातारा बाप कॅडमस. तो मंत्र म्हणत नाही, अंगारा लावत नाही. आभाळाकडे बघ म्हणतो. आता ते पूर्वीसारखेच दिसते की वेगळे, हे विचारतो. तुझे लग्न कुणाशी झाले, मुलाचे नाव काय, आणि शेवटी, हातात काय आहे? एकेक साध्या प्रश्नाने तिला तो माणसात आणतो. ज्यांनी घरात एखादीच्या अंगात आलेले पाहिले आहे त्यांनी हा प्रवेश मिळवून वाचावा. नंतर देव प्रकट होतो तेव्हा हाच म्हातारा त्याला म्हणतो की रागाच्या बाबतीत देवांनी माणसांसारखे असू नये. देवाचे उत्तर एवढेच, की माझ्या बापाने, झ्यूसने, हे फार पूर्वीच ठरवले होते.

आता दोन नाटके अशी सांगतो की ज्यांत एक शब्द येतो, जो आपल्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर सोसला. तो शब्द म्हणजे विटाळ. ग्रीक लोकही विटाळ मानीत. तो जन्मावरून ठरणारा नव्हता. रक्ताचा, खुनाचा, मृत्यूचा असे. परंतु खुनी माणसाचा स्पर्श, बोलणे यांना लोक घाबरत.

पहिले नाटक 'हिपोलिटस', इ. स. पूर्व ४२८. हिपोलिटस हा तरुण आर्टेमिस देवीचा एकनिष्ठ भक्त. तिच्यासाठी फुलांचा हार आणतो, तिचा आवाज ऐकू येतो याचा त्याला अभिमान. ॲफ्रोडाइटीला मात्र तो तुच्छ लेखतो. म्हातारा नोकर त्याला समजावतो, आणि तो ऐकत नाही तेव्हा देवीलाच विनवतो की पोरगा आहे, क्षमा कर, देवांनी माणसांपेक्षा शहाणे असावे. देवी क्षमा करीत नाही. ती त्याच्या सावत्र आईच्या, फीड्राच्या, मनात त्याच्याविषयी वासना निर्माण करते. ही बाई भली आहे, तरी तिचा जीव जाणार, हे देवी आरंभीच थंडपणे सांगून टाकते. फीड्रा खोटा आरोप लिहून ठेवून मरते, बाप थीसियस मुलाला शाप देतो, आणि घोड्यांनी फरफटलेला हिपोलिटस मरणाच्या दारात आणला जातो. तेव्हा आर्टेमिस येते. तो निर्दोष असल्याचे सांगते. मग इतका वेळ ती कुठे होती? एका देवाने दुसऱ्या देवाच्या इच्छेआड यायचे नाही, असा देवांचा रिवाज आहे, म्हणते. मी ॲफ्रोडाइटीच्या लाडक्या माणसाला मारून सूड घेईन, असेही म्हणते. म्हणजे आणखी एक माणूस मरणार. आणि प्राण जायची वेळ येताच ती निघते, कारण मरणाऱ्याचा विटाळ देवीला चालत नाही. इतक्या दिवसांची सोबत तू किती सहज सोडतेस, एवढेच तो बोलतो. नंतर राहतात बाप आणि मुलगा. ज्याच्या शापाने आपण मरत आहोत त्या बापाला मुलगा रक्तदोषातून मुक्त करतो आणि त्याच्या हातांत प्राण सोडतो. ती क्षमा देवांकडून आलेली नव्हती.

दुसरे नाटक 'हेराक्लिस'. आपल्याकडे हा वीर हर्क्युलिस या नावाने परिचित आहे. तो झ्यूसचा मुलगा. तो पाताळात गेलेला असताना एक जुलमी राजा त्याची बायको मेगारा, तीन मुले आणि म्हातारा बाप यांना मारायला निघतो. ती सगळी झ्यूसच्या वेदीचा आसरा घेऊन बसलेली. म्हातारा झ्यूसला ऐकवतो की मी मर्त्य माणूस असून चांगुलपणात तुझ्या वरचढ ठरलो. तू एक तर अडाणी आहेस किंवा अन्यायी. ऐन वेळी हेराक्लिस येतो, जुलम्याला मारतो, आणि देव न्यायी आहेत म्हणून वृंद नाचू लागतो. तेवढ्यात हेरा देवीने पाठवलेला उन्माद येतो. हे काम करायला त्या उन्मादाचीही तयारी नसते, पण हुकूम आहे. वेडाच्या भरात हेराक्लिस आपल्याच बायको-मुलांना ठार करतो.

शुद्धीवर आल्यावर त्याला जीव द्यायचा असतो. त्याचा मित्र, अथेन्सचा राजा थीसियस, तेथे येतो. हेराक्लिस डोक्यावरून वस्त्र ओढून घेतो, लांब राहा म्हणतो, माझा विटाळ तुला होईल. थीसियस ते वस्त्र काढायला लावतो. मित्राकडून मित्राला कसला विटाळ, असे त्याचे म्हणणे. मग तो समजूत घालतो की देवांनीही व्यभिचार केले, बापांना बेड्या घातल्या, तरी ते जगतातच ना? यावर हेराक्लिस जे बोलतो ते एका देवाच्या मुलाच्या तोंडी आहे, देवाच्या उत्सवात आहे, हे ध्यानात ठेवा. देव असे करतात हे मी मानत नाही, आणि कधी मानणार नाही. खरा देव असेल तर त्याला कशाचीच गरज नसते. बाकीच्या कवींच्या वाईट कहाण्या. इतके बोलून तो मरणाचा विचार सोडतो आणि जगणे सोसायचे ठरवतो. ज्या धनुष्याने मुले मारली ते टाकावे की ठेवावे, यावर बराच वेळ घुटमळतो आणि ठेवतो.

निघताना त्याला चालवत नाही. थीसियस हात पुढे करतो. हेराक्लिस म्हणतो, तुझ्या कपड्यांना रक्त लागेल. थीसियस सांगतो, लागू दे, सगळे पुसून टाक, मला काही वाटत नाही. मग त्या मित्राच्या खांद्यावर हात टाकून, मोठ्या नावेमागे बांधलेल्या होडीसारखा, तो अथेन्सच्या वाटेला लागतो. झ्यूस नाटकात कुठेच आलेला नाही.